प्रेअरीतलं एक गाव आणि त्याचा संसार

कॅनडा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टोरांटो येतं, व्हँकुव्हर येतं, फार तर नायगाराचा धबधबा येतो. पण आपली मुलं आता फक्त मोठ्या शहरांतच जातात असं नाही. कुणी परिचारिका म्हणून, कुणी ट्रकचालक म्हणून, कुणी कॉलेजात शिकायला म्हणून अशा गावी जाऊन राहतात, की त्या गावाचं नाव आपल्याला नकाशात भिंग लावून शोधावं लागतं. अशाच एका गावी मी २०२४ साली फेब्रुवारी ते जुलै असा मुक्काम करून आलो. गावाचं नाव मेडिसिन हॅट. सरळ मराठीत सांगायचं तर वैदूची टोपी!

माझा भाचा तिथल्या एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचं काम करतो. त्याने आपल्या आईला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, जवळ नेऊन ठेवायचं मनात घेतलं. आम्ही तिला आपा म्हणतो. वय सत्तरीचं, मेहुणे जाऊन चार वर्षं झालेली. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावाबाहेर ती फारशी कधी राहिलेली नाही. सोबत म्हणून मी गेलो. निघताना तिने मला बजावलं, "तू शायर माणूस. तिथं बर्फावर कविता करत बसू नकोस. माझ्यासारख्या बाईला तिथं दिवस काढता येतील का, तेवढं नीट बघून सांग." तेव्हा आजचं माझं बोलणं म्हणजे कविता नव्हे. तिच्यासाठी मी ज्या गोष्टी बघितल्या, विचारल्या, त्यांचा हा हिशेब आहे.

आधी गाव कुठे आहे ते सांगतो. कॅनडाच्या मध्यभागी पश्चिमेकडे अल्बर्टा, सस्कॅचवान आणि मॅनिटोबा असे तीन प्रांत आहेत. त्यांच्या दक्षिण भागातल्या गवताळ मैदानांना प्रेअरी म्हणतात. डोंगर नाही, दाट झाडी नाही. नजर जाईल तिथपर्यंत जमीन आणि तिच्यावर उलटं ठेवलेलं आभाळ. मेडिसिन हॅट अल्बर्टाच्या आग्नेय कोपऱ्यात, साऊथ सस्कॅचवान नदीच्या काठी आहे. कॅलगरी हे मोठं शहर तिथून जवळजवळ तीनशे किलोमीटरवर. २०२१ च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या ६३,२७१ होती. म्हणजे आपल्याकडच्या कराड-फलटणपेक्षा थोडी जास्त. पण ही वस्ती पसरली आहे सुमारे ११२ चौरस किलोमीटरवर. हा आकडा लक्षात ठेवा. तिथल्या बऱ्याच सोयी आणि बऱ्याच गैरसोयी त्यातूनच निघतात.

पाऊस आणि बर्फ दोन्ही मिळून वर्षाला सव्वातीनशे मिलिमीटरच्या आसपास. आपल्या माणदेशी माणसालाही कमी वाटावा इतका! १८५७ ते १८६० या काळात जॉन पॅलिसर नावाच्या माणसाने या मुलखाची पाहणी केली आणि हा कोरडा त्रिकोण शेतीच्या कामाचा नाही असं मत दिलं. तरी पुढे रेल्वे आली, वसाहतवाले आले, कालवे निघाले. कॅनडातल्या सर्वांत जास्त ऊन मिळणाऱ्या शहरांत मेडिसिन हॅटची गणना होते. बाहेर उणे वीस असतानाही खिडकीतून लख्ख ऊन येतं, हे आपाला पहिल्या दिवशी फसवणुकीसारखंच वाटलं.

गावाच्या नावामागे तिथल्या मूळ रहिवाशांची, ब्लॅकफूट लोकांची भाषा आहे. त्यांच्या 'सामिस' या शब्दाचा अर्थ वैदूचं शिरोभूषण. त्याच्या कथा अनेक आहेत आणि प्रत्येक कथेत ती टोपी वेगळ्या कारणाने नदीकाठी येते. गोऱ्यांचं गाव वसलं ते १८८३ साली, कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे नदीपर्यंत आली तेव्हा. त्याच वर्षी रेल्वेच्या माणसांनी गावाच्या पश्चिमेला इंजिनांसाठी पाणी शोधायला बोअर मारला. पाण्याऐवजी लागला नैसर्गिक वायू! पुढे गावातही विहिरी खोदल्या गेल्या आणि गावाचं नशीब त्या वायूशी बांधलं गेलं.

इथे आपल्या मुंबईचा एक धागा येतो. रुडयार्ड किपलिंग हा लेखक १८६५ साली मुंबईत जन्मला. त्याचे वडील जे. जे. कलाशाळेत शिकवत. हा किपलिंग १९०७ साली मेडिसिन हॅटला गेला आणि जमिनीखालचा तो वायू बघून म्हणाला, की या मुलखाच्या तळघरात नरकच भरलेला दिसतो. हे बोलणं गावाने शिवी न मानता बिरुद म्हणून मिरवलं. पुढे १९१० साली काही मंडळींना गावाचं नाव बदलून काहीतरी सभ्य नाव ठेवावंसं वाटलं, तेव्हा किपलिंगनेच पत्र लिहून जुन्या नावाची बाजू घेतली. नाव राहिलं. गावात ज्याला त्याला ही गोष्ट माहीत असते, आणि मी मुंबईच्या बाजूचा म्हटल्यावर दोघा-तिघांनी ती मला कौतुकाने ऐकवली.

आता संसाराकडे येऊ. तिथल्या घरात पहिली निकड अन्नाची नाही, उबेची. घर लाकडी सांगाड्याचं, भिंतींत जाड अस्तर भरलेलं, खिडक्यांना दुहेरी काचा. खाली तळघर असतं आणि तिथे फर्नेस बसवलेली असते. फर्नेस म्हणजे गॅसवर चालणारी भट्टी. ती हवा तापवते आणि पंख्याने पत्र्याच्या नळ्यांमधून खोल्याखोल्यांत ढकलते. भिंतीवरच्या छोट्या डबीत तुम्ही एकवीस अंश असं ठरवून ठेवलं, की भट्टी आपोआप पेटते आणि विझते. बाहेर उणे तीस असो, आत साध्या कुडत्यावर वावरता येतं. पण ही भट्टी बंद पडली तर काही तासांत घर गारठतं आणि नळातलं पाणी गोठून नळ फुटण्याची भीती असते. त्यामुळे भट्टीची जाळी ठरावीक काळाने बदलणं, धुराची आणि कार्बन मोनॉक्साइडची धोक्याची घंटा चालू आहे ना ते तपासणं, ही घरातली बिनचूक करायची कामं. दुसरा त्रास कोरड्या हवेचा. ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं, लोकरीच्या कपड्याला हात लावला की चटका बसतो. आपाने दुसऱ्याच दिवशी खोबरेल तेलाची बाटली बाहेर काढली, ती मार्च संपेपर्यंत उशाशीच होती.

या उबेचं बिल कोण पाठवतं? इथे या गावाचं वेगळेपण आहे. मेडिसिन हॅटची नगरपालिका स्वतःच गॅस आणि वीज पुरवते. स्वतःचं वीजनिर्मिती केंद्र आहे, स्वतःच्या गॅसविहिरी होत्या आणि काही आहेत. गॅस, वीज, पाणी, सांडपाणी, कचरा या सगळ्यांचं पालिकेचं एकच बिल घरी येतं. जुन्या काळी इथे गॅस इतका स्वस्त होता, की रस्त्यावरचे दिवे रात्रंदिवस जळत ठेवत. ते विझवायला माणूस नेमणं जास्त महाग पडे! गावाच्या जुन्या पेठेत गॅसचे दिवे आजही दिसतात.

पण जमिनीतली संपत्ती संपते, हेही याच गावात शिकायला मिळतं. विहिरी जुन्या झाल्या, बाजारात गॅसचे भाव पडले, आणि २०१९ साली पालिकेने आपल्या सुमारे दोन हजार विहिरी टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं. विहीर बंद करणं म्हणजे झाकण लावून घरी येणं नव्हे. ती नीट बुजवावी लागते, जमीन पूर्ववत करावी लागते, त्याला पैसा लागतो. पुढे २०२३ च्या उन्हाळ्यात विजेचे दर भडकले, तेव्हा गावात मोठा वाद झाला. वीज कंपनी आपल्याच मालकीची, मग तिचा नफा लोकांच्या बिलातून का निघावा, असं लोक विचारू लागले. पालिकेला दरांचा आणि एकूण कारभाराचाच फेरविचार करावा लागला. मला हे महत्त्वाचं वाटलं. सेवा गावाच्या मालकीची असली म्हणजे ती स्वस्तच असते असं नाही. पण जाब विचारायला दार जवळ असतं.

आम्ही पोचण्याआधी महिनाभर एक गोष्ट घडून गेली होती, तिची चर्चा सगळीकडे ऐकू येत होती. १३ जानेवारी २०२४ च्या संध्याकाळी अल्बर्टाभर कडाक्याची थंडी होती आणि विजेची मागणी पुरवठ्याच्या काठाला आली. प्रांताने सर्वांच्या मोबाइलवर धोक्याचा संदेश धाडला. नको असलेले दिवे मालवा, कपडे वाळवायचं यंत्र, भांडी धुण्याचं यंत्र आत्ता लावू नका. काही मिनिटांत मागणी दोनशे मेगावॉटच्या आसपास खाली आली आणि वीज तोडण्याची वेळ टळली. आपल्याला भारनियमनाची सवय आहे. तिथल्या लोकांना ती नाही, कारण तिथे फर्नेसचा पंखा विजेवर चालतो. वीज गेली की गॅस असूनही ऊब जाते.

बाहेरच्या थंडीचेही कायदे असतात. वारा धरून थंडी उणे तिसाच्या खाली गेली, की उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते. त्यामुळे टोपी, हातमोजे, कानपट्टी ही चैन नव्हे. मोटारींच्या तोंडातून विजेची एक वायर लोंबताना दिसते. ती रात्री खांबावरच्या किंवा भिंतीवरच्या प्लगमध्ये खुपसायची, म्हणजे इंजिन गोठत नाही. बर्फ पडला की आपल्या दारासमोरचा पदपथ आपणच फावड्याने मोकळा करायचा, असा नियम आहे. पण याच मुलखात चिनूक नावाचा वारा येतो. रॉकी पर्वत ओलांडून खाली उतरताना तो कोरडा आणि गरम होतो. तो सुटला की काही तासांत पारा वीस अंशांनीही चढतो, गटारं वाहू लागतात आणि माणसं कोटाची बटणं सोडून फिरू लागतात. दोन दिवसांनी पुन्हा सगळं गोठतं. त्या गोठलेल्या पाण्यावर पाय घसरणं हा म्हाताऱ्या माणसाला थंडीपेक्षा मोठा धोका. भाच्याने आपासाठी बुटांना लावायचे दातेरी पट्टे आणले होते.

पाण्याचं सुख मात्र आमच्या डोळ्यांत भरलं. आमच्या गावी नळाला चार दिवसांनी पाणी येतं. तिथे नळ सोडला की नदीचं शुद्ध केलेलं पाणी, थेट पेल्यात. ही नदी रॉकी पर्वतातल्या बर्फावर जगते. तीच जून २०१३ मध्ये इतकी फुगली, की गावातल्या सुमारे दहा हजार लोकांना घरं सोडावी लागली होती. आपा पहिले आठ-दहा दिवस रात्री निजताना बादली भरून ठेवायची. कुणी काही म्हटलं नाही. मग एका रात्री तिने स्वतःच बादली उपडी घातली.

किराण्याचं काय? मोठाल्या दुकानांत आता एक कप्पा आपल्याकडच्या मालाचा असतो. नऊ-नऊ किलोच्या कणकेच्या पिशव्या, तांदूळ, हळद, हिंग, लोणची. ज्वारीचं पीठ मात्र आपाला मिळालं नाही. ते कॅलगरीहून आणावं लागलं. हलाल मटण-चिकन बहुतेक गोठवलेलं. टोमॅटो-काकड्या भर हिवाळ्यातही ताज्या, कारण शेजारच्या रेडक्लिफ गावात काचघरांची मोठी शेती आहे. भरपूर ऊन आणि भट्टीला गॅस, दोन्ही हाताशी. दुकानातल्या किमतीच्या चिठ्ठीवर कर धरलेला नसतो, तो पैसे देताना चढतो. अल्बर्टात प्रांताचा विक्रीकर नाही, फक्त केंद्राचा पाच टक्के, आणि साध्या धान्य-भाजी-दुधावर तोही नाही. एक सेंटचं नाणं २०१३ पासून टाकसाळीने वाटणं बंद केलं, त्यामुळे रोख व्यवहार पाच सेंटांत जुळवतात. रिकाम्या बाटल्या-डबे परत केले की लहानाला दहा सेंट, लिटरपेक्षा मोठ्याला पंचवीस सेंट मिळतात. आपाने हा हिशेब ऐकला आणि घरातल्या बाटल्यांचं खातं आपल्याकडे घेतलं.

मसूर डाळीची गोष्ट तर मला सांगितलीच पाहिजे. प्रेअरीवर मसूर फार पिकतो, विशेषतः शेजारच्या सस्कॅचवान प्रांतात. तिथल्या विद्यापीठात अल स्लिंकर्ड या संशोधकाने १९७८ साली 'लेअर्ड' नावाचं मसुराचं वाण काढलं आणि बघता बघता कॅनडा जगाला मसूर विकणारा सर्वांत मोठा देश झाला. मोठं गिऱ्हाईक कोण? आपण! २०१७ च्या अखेरीस भारताने वाटाणा, हरभरा, मसूर यांच्यावर आयात शुल्क वाढवलं, तेव्हा इकडच्या शेतकऱ्याला आधार मिळाला आणि तिकडच्या शेतकऱ्याची झोप उडाली. म्हणजे आपा आयुष्यभर जी डाळ शिजवत आली, तिच्यातली काही या मातीतलीच असणार. हे तिला सांगितलं तर ती म्हणाली, "मग मी परक्या गावी आले नाही म्हण की!"

आता अवघड भाग. या गावात पाय आहेत, पण रस्ते चाकांचे आहेत. मघाचा ११२ चौरस किलोमीटरचा आकडा आठवा. घरं विरळ, दुकानं मोठ्या रस्त्यांच्या कडेला. बस आहे, चांगली आहे. म्हाताऱ्या माणसासाठी ती दाराशी वाकते, चालक थांबून बसू देतो. पण माणसं विरळ म्हणून फेऱ्या विरळ, आणि एक बस चुकली तर उणे वीसमध्ये पुढची येईपर्यंत थांबणं नशिबी. गावाबाहेर जायचं तर आणखी पंचाईत. रेल्वेने जन्माला घातलेल्या या गावातून प्रवासी गाडी जानेवारी १९९० पासून जात नाही. मालगाड्या मात्र दिवसरात्र धडधडतात. ग्रेहाउंड कंपनीने पश्चिम कॅनडातल्या आपल्या बसगाड्या ऑक्टोबर २०१८ च्या अखेरीस बंद केल्या. म्हणून ज्याला मोटार चालवता येते तो माणूस तिथे मोकळा, आणि ज्याला येत नाही तो कुणाच्या तरी सवडीवर. भाच्याची बायको घराबाहेर पडून कामाला लागली, तेव्हा तिने पहिली गोष्ट केली ती वाहन परवाना काढण्याची.

दवाखान्याचं गणितही नीट समजून घ्यावं लागतं. सरकारी खर्चाने उपचार ही कल्पना कॅनडात प्रेअरीतूनच आली. टॉमी डग्लस यांच्या पक्षाच्या सरकारने सस्कॅचवानमध्ये १९६२ साली ती लागू केली, तेव्हा डॉक्टरांनी संप केला होता. पुढे १९६६ च्या कायद्याने ती देशभर गेली. रहिवाशाला आरोग्यपत्र मिळतं. ते दाखवलं की डॉक्टरला भेटणं, इस्पितळात राहणं, शस्त्रक्रिया, कशालाच खिशात हात घालावा लागत नाही. पण औषधं, दात, चष्मा हे या सर्वसाधारण छत्राबाहेर. त्यासाठी नोकरीतला विमा किंवा वेगळ्या सरकारी योजना. दुसरी अडचण म्हणजे घरचा डॉक्टर मिळणं. २०२२ च्या एका देशव्यापी पाहणीत पाचांतल्या एकाहून अधिक प्रौढांना नेहमीचा डॉक्टर नसल्याचं दिसलं. तातडीच्या विभागात तासन्‌तास वाट बघणं ही तर देशभरची तक्रार. छातीत कळ आली तर तुम्हाला लगेच आत घेतात. घोटा मुरगळला तर पुस्तक सोबत न्यावं.

आणि आपासारख्या पाहुण्या माणसाला हे आरोग्यपत्र मिळत नाही, हे इथे ठळकपणे सांगितलं पाहिजे. आई-वडील आणि आजी-आजोबा यांच्यासाठी कॅनडाचा 'सुपर व्हिसा' आहे. तो २०११ च्या अखेरीस सुरू झाला, आणि जुलै २०२२ पासून त्यावर एका वेळी पाच वर्षं राहता येतं. मात्र मुलगा किंवा मुलगी तिथे कायम रहिवासी किंवा नागरिक असायला हवी, त्यांचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त हवं, आणि आई-वडिलांचा निदान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा काढलेला हवा. या विम्यात आधीपासूनच्या दुखण्यांचं काय, हे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. आपाला मधुमेह आहे. भाच्याने तो कागद ओळन्‌ओळ वाचला, दोन ठिकाणी फोन करून विचारलं आणि मगच सही केली.

शाळा बारावीपर्यंत फुकट. अल्बर्टात सार्वजनिक शाळा आणि कॅथलिक शाळा, दोन्ही सरकारी पैशावर चालतात. मुलांची पिवळी बस लाल दिवे लुकलुकवत थांबली, की दोन्ही बाजूंची वाहनं थांबतात. बर्फाच्या दिवसांत सगळं गाव हॉकीच्या मैदानावर असतं, आणि 'टायगर्स' या गावच्या तरुणांच्या संघाबद्दल बोलताना किराणा दुकानातल्या बाईचाही आवाज चढतो. ग्रंथालय नदीकाठी आहे. मला मराठी पुस्तक काही मिळालं नाही, पण आसपासच्या गावांच्या ग्रंथालयांचं जाळं असल्याने हवं ते इंग्रजी पुस्तक दुसऱ्या गावाहून मागवून देतात.

ग्रंथालयाच्या उबेला हिवाळ्यात बेघर माणसंही येऊन बसतात. या बाबतीत मेडिसिन हॅटचं नाव देशभर झालं होतं. बेघराला आधी व्यसन सोड, आधी काम शोध अशी अट न घालता आधी घर द्यायचं, मग बाकीची मदत करायची, असं धोरण गावाने २००९ पासून धरलं. जून २०२१ मध्ये, दीर्घकाळ बेघर राहण्याचं प्रमाण जवळजवळ शून्यावर आणणारं कॅनडातलं पहिलं शहर म्हणून त्याची नोंद झाली. पण असं शून्य एकदा गाठलं की कायमचं राहत नाही. भाडी वाढली, माणसांच्या अडचणी वाढल्या की ते पुन्हा पुन्हा गाठावं लागतं. उणे तिसात घर नसणं म्हणजे काय, हे तिथे एक रात्र काढली तरी कळतं.

आमचा रमजान तिथेच झाला. पहिल्या रोज्याला सूर्य साडेसातच्या सुमारास मावळत होता, ईद आली तेव्हा आठ वाजून गेले होते. त्या अक्षांशावर वसंतात दिवस रोज जवळजवळ पावणेचार मिनिटांनी वाढतो. जूनच्या अखेरीस तर मगरीबची वेळ रात्री साडेनऊनंतर! आणि डिसेंबरात सूर्य साडेचारच्या आधीच घरी जातो. प्रेअरीवर मुसलमान काही आज आलेले नाहीत. कॅनडातली पहिली मशीद याच प्रांतात, एडमंटनला १९३८ साली उभी राहिली. तिच्या वर्गणीत ख्रिस्ती आणि यहुदी शेजाऱ्यांनीही पैसे घातले होते. ईदच्या दिवशी शेजारच्या बाईंनी आपाला घरी केलेला केक आणून दिला, आपाने शीरखुर्म्याची वाटी भरून पाठवली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. वाटी रिकामी परत आली नाही. तिच्यात घरच्या सफरचंदांचा मुरंबा होता.

मग राहता येईल का? महिनाभराने मी आपालाच विचारलं. ती म्हणाली, "घर गरम आहे, पाणी आहे, पोरगा जीव लावतो. पण सकाळपासून दारावरून कुणी जात नाही. भाजीवाली नाही, भंगारवाला नाही, अजान नाही, भांडण नाही. खिडकीतून बघावं तर हरीण!" खरंच, तिथे हरणं अंगणात येऊन झुडपं खातात. पोरगा-सून कामावर, नातू शाळेत. दिवसाचे आठ तास ती आणि फर्नेसचा आवाज. गावातल्या सगळ्या सोयींची यादी तुम्ही केली, तरी हे आठ तास त्या यादीत येत नाहीत.

भाच्याने हे मनावर घेतलं. भाड्याच्या घराची मुदत संपत आली होती. गावाच्या कडेला नवं, मोठं घर घ्यायचा त्याचा विचार होता. तो सोडून त्याने बसच्या मार्गावरचं, ग्रंथालयापासून चालत जाता येईल असं जुनं, लहान घर घेतलं. मे महिन्यात आपा बसने जायला शिकली. पहिल्यांदा सोबत मी, दुसऱ्यांदा मी मागच्या बाकावर, तिसऱ्यांदा ती एकटी. ग्रंथालयात परदेशांतून आलेल्या बायका इंग्रजी बोलायला जमत, तिथे तिला फिलिपिन्सची एक मैत्रीण मिळाली. त्या दोघी कुठल्या इंग्रजीत बोलतात ते मला समजलं नाही, पण बोलतात भरपूर. आपा अजून तिथेच आहे. पुढचा हिवाळा इकडे घालवायचा की तिकडे, हे ती दर दिवाळीला नव्याने ठरवते, आणि तिने ते स्वतः ठरवावं हेच ठीक आहे.

तेव्हा तुमची मुलं तुम्हाला अशा एखाद्या लहान गावी बोलावत असतील, तर जरूर जा. पण तिकडे बर्फ किती पडतो हे विचारण्याआधी चार प्रश्न विचारा. विम्यात आपलं जुनं दुखणं बसतं का? घरापासून बसथांबा किती पावलांवर आहे? पायी जाऊन जिथे तासभर बसता येईल, असं एखादं ठिकाण जवळपास आहे का? आणि दिवसभर घरात आपल्यासोबत कोण असणार आहे? पहिली भेट हिवाळ्यात द्या, उन्हाळ्यात सगळंच गोड दिसतं. आणि मुलांनो, तुम्ही आई-वडिलांसाठी घर बघत असाल, तर खोल्या मोजण्याआधी बसथांबा मोजा.